नोटिशीतला सतरावा मुद्दा : आमच्या डिपार्टमेंटचं एक सत्राअखेरीचं प्रकरण

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी पावणेअकराला एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, एका मुलीचा मेसेज आला, "सर मॅडमच्या गूगल क्लासरूममधल्या फाइल्स ओपनच होत नाहीयेत, फाइल अस्तित्वात नाही असं येतंय, शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे". मी नेहमीप्रमाणे उत्तर टाकलं, रेंजचा प्रॉब्लेम असेल, परत बघ. मग दुपारी स्वतः उघडून बघितलं तर खरंच काही नाही. क्लास दिसतोय, असाइनमेंटची नावं दिसतायत, पण आत एकही फाइल उघडेना. आणि जिथे मॅडमचं नाव असायचं तिथे मॅडमच नाहीत.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण एवढंच की दर सत्राअखेरीला प्रत्येक कॉलेजात तीच ती नोटीस निघते आणि तेच ते लोक ती न वाचता "नोटेड सर" म्हणतात, आणि त्यात मीही आहे. उलट यात माझा वाटा थोडा जास्तच आहे, कारण ती नोटीस आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मीच फॉरवर्ड केली होती.

आधी पार्श्वभूमी. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे, खाजगी संस्थेचं, अनुदानित. बॉटनीत परमनंट आम्ही दोघं, एचओडी म्हणजे विभागप्रमुख सर आणि मी, बाकीचा वर्कलोड सीएचबीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, ऑर्डर सत्राअखेरपर्यंत, पुढच्या वर्षी परत मिळेल की नाही हे पुढच्या वर्षीच कळणार. राज्यातली कितीतरी कॉलेजं आज अशाच लोकांच्या जिवावर चाललीत हे उघड गुपित आहे.

२०२४-२५ हे आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांसाठी पदवीला नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्याचं पहिलं वर्ष. म्हणजे सत्राला २२ क्रेडिट, मेजर म्हणजे मुख्य विषय वेगळा, ओपन इलेक्टिव्ह वेगळं, भारतीय ज्ञान प्रणाली वेगळी, आणि थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास तर प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. पुस्तकं बाजारात यायची होती, सिलॅबसच्या पीडीएफमध्येच दोनदा दुरुस्त्या आल्या. आमच्याकडच्या एक सीएचबीच्या मॅडम, ज्यांच्यामुळे हे सगळं लिहितोय, त्यांच्याकडे एफवायचं दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल होतं, म्हणजे ६० तास, आणि शिवाय ओपन इलेक्टिव्ह. ओपन इलेक्टिव्ह आपल्या फॅकल्टीबाहेरचं घ्यावं लागतं, त्यामुळे बॉटनीच्या वर्गात कॉमर्सची आणि आर्ट्सची पोरं येऊन बसली, ज्यांनी दहावीनंतर पान कापून बघितलेलं नाही. मॅडम आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे आणि बाकी दिवस शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या कॉलेजला, एसटीने.

आता त्यांनी चार महिन्यांत काय केलं होतं ते सांगतो, कारण प्रकरणाचं सगळं वजन तिथे आहे.

एफवायच्या प्रॅक्टिकलला शैवाल, बुरशी, ब्रायोफाइट म्हणजे बिनफुलांच्या छोट्या वनस्पती, असं सगळं. सिलॅबसमध्ये ज्या क्रमाने छापलंय त्या क्रमाने गेलं तर ब्रायोफाइट येतात ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात आमच्याकडे रिक्सिया हे ब्रायोफाइट शोधून सापडत नाही. ते उगवतं जुलै-ऑगस्टमध्ये, भिंतीवर, हिरव्या छोट्या चकत्यांसारखं, आणि दसऱ्यापर्यंत वाळून भिंतीला चिकटून बसतं. दरवर्षी आम्ही काय करायचो, तर स्पेसिमनची बाटली काढायची, फॉर्मॅलिनमध्ये पिवळं पडलेलं काहीतरी दाखवायचं, आणि पोरांनी पुस्तकातली आकृती कॉपी करायची. मॅडमनी क्रमच फिरवला. आधी ब्रायोफाइट, कंपाउंडच्या उत्तरेच्या भिंतीवरून ताजं खरवडून आणलेलं, मग पाऊस पडून गेल्यावर ग्राउंडवर जेलीसारखे गोळे दिसतात ते नॉस्टॉक, स्पायरोगायरा नदीच्या डोहातून, आणि रायझोपस शेवटी, कारण ओला ब्रेड डब्यात ठेवला की बुरशी बारा महिने येते. इतकी साधी गोष्ट, पण मला नोकरीला अकरा वर्षं झाली तरी सुचली नव्हती.

आणि प्रत्येक प्रॅक्टिकलचे फोटो. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल टेकवून, हात स्थिर राहावा म्हणून एका प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडून बनवलेला जुगाड, त्यातून काढलेले शे-दीडशे फोटो, प्रत्येकावर बाण काढून मराठीत आणि खाली शास्त्रीय नावाने लेबलं. सॅफ्रॅनिन हा लाल रंग जास्त झाला तर सेक्शन, म्हणजे कापलेला पातळ काप, कसं सगळंच लाल दिसतं त्याचाही मुद्दाम बिघडवलेला फोटो, "असं झालं तर परत धुवा" असं लिहून. ओपन इलेक्टिव्हच्या पोरांसाठी कास पठारावरचे फोटो आणि व्हिडिओ, कारण तिथलं फूल तोडता येत नाही, पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारशात गेल्या त्यात कास आहे, त्यामुळे बघायचं आणि फोटो काढायचा एवढंच. सीतेची आसवं, दवबिंदू, कीटक खाणाऱ्या वनस्पती. दवबिंदूच्या पानावर बारीक माशी चिकटते आणि केस हळूहळू वळतात त्याचा व्हिडिओ, त्यासाठी बाई चिखलात पालथ्या झोपल्या होत्या. कॉमर्सच्या पोरांनी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. बॉटनीचं काही कुणी स्टेटसला ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

तर हे सगळं त्यांच्या कॉलेजच्या ई-मेल आयडीच्या ड्राइव्हवर, गूगल क्लासरूममध्ये. त्या क्लासमध्ये दुसरा टीचर म्हणून ना मी होतो, ना एचओडी सर. कारण कुणी कुणाला ॲड करायचं असतं हेच ठरलेलं नव्हतं.

आता नोटीस.

२४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्टीआधी, आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून, सत्राअखेरीची सूचना आली. दोन पानी पीडीएफ, स्कॅन केलेली, थोडी तिरकी, १९ मुद्दे. अंतर्गत गुण पोर्टलवर भरणे, हजेरीपत्रक जमा करणे, सिलॅबस पूर्ततेचा अहवाल, कोर्स फाइल, सीओ-पीओ अटेनमेंटचा, म्हणजे अभ्यासक्रमाची ठरवलेली फलितं किती साधली त्याचा तक्ता, विद्यार्थ्यांचा फीडबॅक, राहिलेल्या मुलांचे एबीसी म्हणजे क्रेडिट बँकेचे आयडी, लायब्ररीचा ना-देय दाखला, डेडस्टॉक, स्वयम पोर्टलवरच्या कोर्सेसची माहिती, एन-लिस्ट या ऑनलाइन लायब्ररीचं लॉगिन चालू आहे का बघणे, निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलेल्यांनी ड्युटीची ऑर्डर जोडणे. आणि सतरावा मुद्दा असा, मी शब्दशः देतो, "सत्राअखेर कार्यमुक्त होणाऱ्या अध्यापकांची संस्थात्मक ई-मेल खाती नियमानुसार बंद करण्यात येतील, संबंधितांनी नोंद घ्यावी."

मी ती पीडीएफ ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "कृपया नोंद घ्यावी". सहा जणांनी अंगठा दाखवला. मॅडमनीही.

हे वाक्य आता परत परत वाचतो तेव्हा त्यात किती गोष्टी नाहीत ते दिसतं. बंद म्हणजे काय? नुसतं लॉगिन बंद की सगळं पुसणार? कधी? संबंधित कोण, ज्याचं खातं आहे तो, की ज्याला उद्या ते मटेरियल लागणार आहे तो? आणि आत जे आहे त्याचं काय? मॅडमना वाटलं, ऑर्डर संपली की आयडी बंद होणारच, त्यात काय, फाइल्स कॉलेजच्या आहेत त्या कॉलेजकडे राहतील. मला वाटलं, काहीच वाटलं नाही खरं तर, मी मुद्दा क्रमांक एक वाचून थांबलो कारण गुण भरायची तारीख हीच माझी चिंता होती.

८ नोव्हेंबरला खाती डिलीट झाली. कॉलेजची गूगल खाती जिथून सांभाळतात त्या ॲडमिन पॅनलचं काम कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट बघतो, चांगला मुलगा आहे, त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, त्याला ऑफिसातून यादी आली आणि त्याने यादीप्रमाणे केलं. डिलीट करताना पॅनल विचारतं की या माणसाच्या ड्राइव्हमधल्या फाइल्स कुणाच्या नावावर करायच्या. त्याने तो प्रश्न तसाच सोडून दिला. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "सर, कुणाच्या नावावर करायच्या ते यादीत नव्हतं." बरोबरच आहे त्याचं.

इथे एक गोष्ट जी मला तेव्हा माहीत नव्हती आणि बऱ्याच जणांना नसते. खातं डिलीट करायची गरजच नव्हती. पॅनलमध्ये सस्पेंड नावाचा पर्याय असतो, लॉगिन बंद होतं पण आतला सगळा माल जागेवर राहतो. शिक्षणसंस्थांना गूगलचं साधं पॅकेज फुकट आहे, त्यामुळे खातं पडून राहिल्याने कॉलेजला एक रुपयाही जास्त पडत नाही. २०२२ च्या जुलैपासून गूगलने अमर्याद जागा बंद करून संस्थेला मिळून १०० टीबी अशी मर्यादा घातली हे खरं, आणि तेव्हापासून "जागा भरतेय, खाती काढा" हे सगळीकडे सुरू झालं, पण आमच्यासारख्या कॉलेजला १०० टीबी भरायला नातवंडांपर्यंत वाट बघावी लागेल. मोठ्या विद्यापीठांची काळजी आम्ही उगाच आपल्या डोक्यावर घेतली होती.

दुसरी गोष्ट, डिलीट केलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर नाही, मग कुणालाही फोन करा.

मधले सतरा दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तर कॅलेंडर बघा. दिवाळीची उरलेली सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक, २० नोव्हेंबरला मतदान, आदल्या दिवशी साहित्य घेऊन बूथवर, २३ ला मतमोजणी. अर्धा स्टाफ ड्युटीवर. १२ तारखेला मॅडमनी एकदा लॉगिन करायचा प्रयत्न केला, झालं नाही, त्यांनी सोडून दिलं. पोरं सुट्टीत कशाला क्लासरूम उघडतील. प्रॅक्टिकल परीक्षा २९ ला, म्हणून २५ ला पहिल्यांदा कुणी अभ्यासाला बसलं आणि मला मेसेज आला.

म्हणजे ८ तारखेपासून मोजलं तर हातात तीन दिवस. अर्थात हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं, मी फक्त घाबरलो होतो, कारण अंतर्गत गुणांचं पोर्टल २७ ला संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होतं आणि ५० पैकी १५ गुण अंतर्गत. ५८ मुलांच्या अकरा असाइनमेंट, सगळे मार्क्स त्याच क्लासरूममध्ये.

पहिला फोन मॅडमना. मला वाटलेलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "मार्क्स माझ्या वहीत आहेत सर." दोनशे पानी साधी वही, रोल नंबर, तारीख, प्रॅक्टिकल, पेन्सिलने गुण आणि वर पेनने पक्के. क्लासरूमवर भरायच्या आधी त्या वहीत लिहायच्या, कारण दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेट नाही म्हणून सवय. एसटी स्टँडवर बसून त्यांनी पानांचे फोटो पाठवले, रात्री मी आणि माझ्या बायकोने एकाने वाचत एकाने टाइप करत भरले, साडेअकरापर्यंत झाले. एवढं डिजिटल डिजिटल करून शेवटी चाळीस रुपयांच्या वहीने लाज राखली.

त्याच संध्याकाळी स्टाफ ग्रुपवर बातमी फिरत होती, केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची मिळून १३,००० च्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना. अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ वगैरे. चांगलीच योजना आहे, माझा विरोध नाही, जरी आमची संस्था खाजगी असल्याने पहिल्या टप्प्यात आमच्या पदरात ती पडणार नव्हती. पण मी तेव्हा वहीतले मार्क्स टाइप करत होतो आणि मला हसू आलं. जगातली १३,००० जर्नल्स एका क्लिकवर आणि आमच्याच भिंतीवरच्या रिक्सियाचा फोटो आमच्याकडे नाही.

मटेरियलचं काय करायचं यावर एचओडी सरांशी फोनवर बरंच झालं. सरांचं म्हणणं, यूट्यूबवर सगळं आहे, शुक्रवारची परीक्षा निभावून नेऊ, पुढच्या वर्षी बघू. चूक म्हणता येणार नाही, सरांची रिटायरमेंट दीड वर्षावर. मी म्हटलं पुढच्या वर्षी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात, आणि तेव्हा मॅडम असतीलच कशावरून. यूट्यूबवर रिक्सिया आहे हो, पण आपल्या भिंतीवरचं, आपल्या मायक्रोस्कोपमधून दिसणारं, मराठी लेबलचं नाहीये. शेवटी सर म्हणाले, "बघ मग तूच." त्यांचा हा आशीर्वाद समजायचा असतो.

पॅनलची किल्ली दोघांकडे, एक तो असिस्टंट आणि एक जुना कंत्राटदार ज्याचा नंबर आता लागत नाही. असिस्टंट मतमोजणीची ड्युटी करून सोमवारी बदली रजेवर, गावाला. मंगळवारी आला. तो आधी म्हणाला डिलीट म्हणजे डिलीट सर. मग आम्ही दोघांनी मदतीची पानं वाचत युजरच्या यादीला "नुकतेच डिलीट केलेले" असा फिल्टर लावला आणि मॅडमचं नाव तिथे होतं, आणखी चार जणांच्या नावांसकट. ते चार जण कोण, तर कॉमर्सचे दोन, इतिहासाच्या एक, केमिस्ट्रीच्या एक. त्यांच्या डिपार्टमेंटांना अजून पत्ताच नव्हता. पाचही परत आणली. लगेच सगळं दिसत नाही, चोवीस तासांपर्यंत लागू शकतात असं तिथे लिहिलेलं, आमचं रात्री नऊपर्यंत आलं. मग ड्राइव्हच्या सेटिंगमधून मालकी बदलून सगळ्या फाइल्स एचओडींच्या नावावर केल्या. पोरांना बुधवारी फाइल्स मिळाल्या, शुक्रवारी परीक्षा झाली.

सगळं परत आलं का? नाही. कासचे तीन व्हिडिओ मॅडमनी मोबाइलवरून टाकले होते आणि मोबाइलवर त्यांचं स्वतःचं जीमेल चालू होतं, त्यामुळे क्लासरूममध्ये फक्त लिंक, व्हिडिओ त्यांच्या खाजगी ड्राइव्हवर. तिथे फुकटची मर्यादा १५ जीबी. ती भरल्याचे मेसेज यायला लागले तसे त्यांनी सुट्टीत मोठे व्हिडिओ काढून टाकले, आणि ट्रॅशमधलंही त्या १५ जीबीत धरतात म्हणून ट्रॅशही रिकामं केलं. त्यांना वाटलं क्लासरूमवर टाकलेत म्हणजे तिथे आहेत. दोन गेले ते गेलेच. दवबिंदूचा तेवढा कॉमर्सच्या एका पोराच्या व्हॉट्सॲपवर सापडला, दाबून दाबून धूसर झालेला, वर त्याने गाणं जोडलेलं. गाणं काढून वापरतो आम्ही.

आता यातली मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट. २६ आणि २७ ला मॅडम कॉलेजला आल्या, कोणती फाइल कुठली ते लावून द्यायला. ऑर्डर संपलेली. तास नाही म्हणजे पैसे नाहीत, एसटीचं तिकीटही स्वतःचं. मी चहा पाजला, दुसरं काय करणार होतो. आणि जाताना त्यांनी एकच विचारलं, "सर, याच्यावर माझं नाव राहील ना?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही. कारण स्टाफरूममध्ये आदल्या दिवशीच एकाने गमतीत म्हटलं होतं की हे मटेरियल आता कुणाच्या फाइलीला लागणार. गंमत तशी गंमत नसते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ई-कंटेंटला गुण आहेत, चार क्वाड्रंटमध्ये, म्हणजे व्हिडिओ, मजकूर वगैरे चार भागांत, बनवलेल्या एका मॉड्यूलला ५, पूर्ण कोर्स केला तर १२, आणि हे गुण प्रमोशनला कामाला येतात. प्रमोशन कुणाचं, तर परमनंट माणसाचं. ज्या बाईंनी चिखलात झोपून ते बनवलं त्यांना प्रमोशनच नाही म्हणजे ते ५ गुण त्यांच्या काही उपयोगाचे नाहीत, आणि फाइल आता एचओडींच्या नावावर. कायद्याचं बघायला गेलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या ओघात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं धरतात, पण तासावर बोलावलेल्या माणसाला नोकर म्हणायचं का यावर दोन वकील आरामात दोन वर्षं काढतील. मला वकिलांकडे जायचं नव्हतं. शेवटी असं केलं की प्रत्येक पीडीएफच्या आणि फोटोच्या खाली मॅडमचं नाव आणि वर्ष टाकलं, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय लायसन्स, म्हणजे वापरा, बदला, पण नाव काढायचं नाही. सरांनी सही केली. एक अनुभवाचं पत्रही डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर दिलं ज्यात "शैक्षणिक साहित्य निर्मिती" असं स्पष्ट लिहिलं, नुसतं "समाधानकारक काम" नाही.

पुढच्या सत्रात काय बदललं ते सांगतो, त्यात सगळं काही जमलेलं नाही.

पहिलं, डिपार्टमेंटचा शेअर्ड ड्राइव्ह केला. साध्या ड्राइव्हमध्ये फाइल माणसाची असते, शेअर्ड ड्राइव्हमध्ये संस्थेची, माणूस गेला तरी ती हलत नाही. हे फुकटच्या पॅकेजमध्येही मिळतं, आम्ही चार वर्षं वापरत नव्हतो इतकंच. नियम एकच, क्लासरूममध्ये काहीही लावायचं ते आधी शेअर्ड ड्राइव्हवर टाकून मग तिथून लावायचं, मोबाइलवरून थेट नाही. प्रत्येक क्लासमध्ये दुसरा टीचर एक परमनंट माणूस. आणि सत्र संपलं की मार्क्सची शीट डाउनलोड करून त्याच फोल्डरला. वहीही चालू ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, लोक हसतात.

दुसरं, हस्तांतराचं एक पान. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी आपण जी कोर्स फाइल करतो त्यात सगळं असतं, व्हिजन मिशन, सीओ-पीओचा तक्ता, अटेनमेंट २.४३ वगैरे, आणि पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या नवीन माणसाला त्यातलं एकही पान उपयोगी पडत नाही. त्याला पाहिजे असतं की कोणतं प्रॅक्टिकल कधी घ्यायचं, कुठला मायक्रोस्कोप नादुरुस्त आहे, सूर्यफुलाचं खोड कुणाच्या शेतातून आणायचं, पोरं कुठे अडकतात. मॅडमनी लिहिलेलं पहिलं पान आमच्याकडे नमुना म्हणून आहे, त्यातल्या काही ओळी, "रिक्सिया १५ जुलै ते ऑगस्टअखेर, उत्तरेची भिंत, पाण्याच्या टाकीकडून तिसरा खांब. रंग द्यायचं ठरलं तर शिपाईमामांना सांगून ठेवावे, ती भिंत सोडायला लावणे. नॉस्टॉक पोरांना हाताने उचलू द्यावे, घाण वाटते ते जाते. चार नंबरच्या मायक्रोस्कोपचा फाइन फोकस घसरतो. तेरड्याचं खोड लाल शाईच्या पाण्यात सकाळी ठेवले तर दुपारच्या बॅचला पाणी चढलेले दिसते, सकाळच्या बॅचला आदल्या दिवशी ठेवावे."

तिसरं, नोटीस. हे सगळ्यात अवघड गेलं. मी आयक्यूएसीच्या मीटिंगला मांडलं की १९ मुद्दे एकदम टाकू नका, तीन वेगळे मेसेज करा, प्रत्येकात कुणी करायचं, कुठल्या तारखेपर्यंत आणि नाही केलं तर काय होईल एवढंच, आणि "संबंधितांनी" हा शब्द बंद. ऑफिसातल्या भाऊसाहेबांचा आक्षेप रास्त होता, व्हॉट्सॲपच्या मेसेजला जावक क्रमांक कसा टाकायचा, आणि उद्या कुणी म्हटलं मला कळवलंच नाही तर? शेवटी तडजोड अशी की १९ मुद्द्यांची पीडीएफ निघतेच, जावक क्रमांकासह, ती फाइलला राहते, आणि मेसेज वेगळे जातात, ते लोक वाचतात. मे २०२५ मध्ये खात्यांचा मेसेज असा गेला, "ज्यांची ऑर्डर ३१ मे ला संपते त्यांचं खातं १५ जूनला सस्पेंड होईल. काहीही पुसलं जाणार नाही. त्याआधी फाइल्स शेअर्ड ड्राइव्हवर हलवा, जमत नसेल तर लॅबमध्ये दुपारी २ ते ४ या, करून देऊ." सात जण लॅबमध्ये आले. एक सिनिअर सर आले नाहीत, त्यांनी शिपायाबरोबर पेनड्राइव्ह पाठवला, त्यात बॉटनीपेक्षा नातवाच्या बारशाचे फोटो जास्त होते. बाकीच्या डिपार्टमेंटनी हस्तांतराचं पान काही घेतलं नाही, इतिहासाच्या मॅडमनी तेवढं घेतलं कारण त्यांचंही खातं त्या पाचांतलं होतं.

जून २०२५ ला आमच्या मॅडमना ऑर्डर मिळाली नाही, वर्कलोड बदलला. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतात. आमच्याकडे नवीन मॅडम आल्या, पहिल्या आठवड्यात त्यांना ते पान दिलं, जुलैत त्या मामांना घेऊन तिसऱ्या खांबापाशी उभ्या.

ऑगस्टमध्ये जुन्या मॅडमचा मला मेसेज आला, की त्यांच्या नवीन कॉलेजात प्रॅक्टिकलला लागतंय, ते फोल्डर बघायला मिळेल का, लिंक उघडली तर परवानगी मागतंय. शेअर्ड ड्राइव्ह आम्ही कॉलेजच्या आयडीपुरताच ठेवलेला, बाहेरच्या माणसाला उघडत नाही, सुरक्षितता म्हणून मीच ते सेटिंग लावून घेतलं होतं. त्यांनी स्वतः काढलेले फोटो, खाली त्यांचंच नाव, आणि परवानगी मागायची आमच्याकडे. असिस्टंट म्हणाला सेटिंग बदलायला प्राचार्यांचा अर्ज लागेल. अर्ज केलाय. तोवर मी सगळं झिप करून त्यांच्या जीमेलला पाठवलं, तर त्यांचा रिप्लाय आला, "सर, जागा फुल आहे, पेनड्राइव्ह पाठवता का?"